संग्रह, बाकी आणि आस्वाद

माणूस गरजेपेक्षा अधिक साठवतो, ही गोष्ट काही नवी नाही. धान्य, सोने, भांडीकुंडी आणि पुस्तके यांच्या साठ्यामागची कारणे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. दुष्काळाची धास्ती, लेकीच्या लग्नाची तरतूद, घराची प्रतिष्ठा, ज्ञानाची हौस अशी ती कारणे आपल्या ओळखीची आहेत. परंतु गेल्या वीस-बावीस वर्षांत एक असा साठा निर्माण झाला आहे की ज्याला वजन नाही, ज्याला घरात जागा लागत नाही आणि जो पाहुण्यांपुढे मांडूनही ठेवता येत नाही. विकत घेतलेल्या, परंतु एकदाही न खेळलेल्या व्हिडीओ गेमचा हा साठा होय. वाङ्मयाला वाहिलेल्या या पानांत असा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. माझ्या मते हा प्रश्न मुळात कलाकृती आणि तिचा रसिक यांच्या संबंधाचा आहे. आपल्या कपाटातील न वाचलेल्या पुस्तकांनाही तो तितकाच लागू पडतो. किंबहुना खेळांच्या निमित्ताने तो अधिक स्वच्छ दिसतो.

प्रथम या साठ्याचे आकारमान पाहू. ‘व्हॉल्व्ह’ या अमेरिकी कंपनीने २००३ साली ‘स्टीम’ नावाचे संगणकीय खेळांचे दालन सुरू केले. येथे खेळ डब्यात किंवा तबकडीवर मिळत नाही. पैसे भरले की तो ग्राहकाच्या नावावर नोंदला जातो आणि हवा तेव्हा संगणकावर उतरवून घेता येतो. ‘आर्स टेक्निका’ या नियतकालिकाने २०१४ साली या दालनातील खात्यांची नमुना-पाहणी करून एक अंदाज मांडला. ग्राहकांच्या नावावर नोंदलेल्या सुमारे ७८ कोटी खेळांपैकी ३७ टक्के खेळ एकदाही सुरू केले गेलेले नव्हते. अर्धवट सोडलेल्यांची गोष्ट वेगळीच; हे तर उघडलेलेच नव्हते. त्यानंतर पुरवठा आटला असेही नाही. एकट्या २०२४ सालात या दालनात १८ हजारांहून अधिक नवे खेळ दाखल झाले.

आता दुसऱ्या बाजूला वेळेचा हिशेब मांडून पाहावा. पोलिश लेखक आंद्रझेय सापकोव्हस्की यांच्या कथाविश्वावर बेतलेला ‘द विचर ३’ हा २०१५ सालचा खेळ जगभर वाखाणला गेला. त्यातील केवळ मुख्य कथानक पुरे करायला सुमारे ५० तास लागतात. उपकथानकांत शिरले तर त्याच्या दुप्पट. नोकरी, प्रवास आणि संसार सांभाळून आठवड्याला पाच तास खेळणाऱ्या माणसाला अशा एका खेळासाठी अडीच महिने हवेत. म्हणजे वर्षाकाठी चार-पाच खेळ झाले तरी पुष्कळ. हाच माणूस सवलतीच्या दिवसांत एका संध्याकाळी दहा खेळ विकत घेऊन मोकळा होतो. ही वजाबाकी त्याला येत नाही असे नाही. येत असूनही तो घेतो, म्हणून तर हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

व्हिडीओ गेमच्या जन्मापासून ही प्रवृत्ती त्याला चिकटलेली नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९७८ साली जपानमधून आलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ दुकानातल्या यंत्रावर नाणे टाकून खेळायचा असे. नाणे संपले की खेळ संपला. तेथे साठा करायचा तरी कशाचा? पुढे खेळ घरातल्या दूरदर्शन संचाला जोडले गेले आणि ते कॅसेटमध्ये येऊ लागले. १९९० च्या दशकात आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांतही या कॅसेटी शिरल्या. सुटीत मुले त्यांची अदलाबदल करीत, दुकानांतून त्या भाड्याने आणीत. त्यांतील काही कॅसेटींवर ‘९९९९ इन १’ असा दिमाखदार आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात मोजके खेळ नावे आणि क्रमांक बदलून पुनःपुन्हा दिलेले असत. मुलांना ही लबाडी दोन दिवसांत कळे. तरीही पुढच्या वेळी त्यांचा हात मोठ्या आकड्याच्याच कॅसेटकडे जाई. खेळापेक्षा खेळांची संख्या मोहक वाटावी, याची सुरुवात तेथे शोधता येईल. मात्र एका कॅसेटची किंमत आणि कपाटातली जागा या दोन बांधांमुळे तो मोह आवरलेला होता. तबकडीवाचूनच्या विक्रीने दोन्ही बांध फुटले.

मग या खरेदीमागे आहे तरी काय? सर्वांत सोपे उत्तर स्वस्ताईचे. या दालनांत वर्षातून अनेकदा सवलतींचा हंगाम येतो आणि जुने खेळ मूळ किमतीच्या चतुर्थांशात, क्वचित दशांशातही मिळतात. २०१० साली ‘हंबल’ नावाच्या योजनेने पाच-सहा खेळांचा गठ्ठा ग्राहक देईल त्या किमतीला विकून दाखवला. ‘एपिक’ कंपनीचे दालन डिसेंबर २०१८ मध्ये उघडले आणि त्याने ग्राहकांना खेळ चक्क फुकट वाटण्याचा परिपाठ ठेवला. ‘फुकट ते पौष्टिक’ ही आपली म्हण येथे आठवल्यावाचून राहत नाही. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी १९८५ सालच्या एका निबंधात खरेदीच्या सुखाचे दोन भाग केले आहेत. एक सुख वस्तू वापरण्याचे, तर दुसरे सौदा पदरात पडल्याचे. दुसरे सुख पहिल्यावर अवलंबून नसते. वस्तू पिशवीत जाण्यापूर्वीच ते पुरे भोगून झालेले असते. शंभर रुपयांत हजाराचा खेळ घेणाऱ्याने खेळायचे ते खेळून घेतलेले असते. त्याचा खेळ खरेदीचा होता, आणि तो त्याने जिंकला.

हे विवेचन पटण्याजोगे असले तरी पुरेसे नाही. निव्वळ सौद्याचे सुख असते तर ते दुसऱ्या दिवशी विरले असते आणि घेतलेल्या खेळाचा माणसाला विसर पडला असता. तसे होत नाही. तो त्या खेळांच्या याद्या करतो, त्यांचा क्रम लावतो, ‘या दिवाळीत हा नक्की’ असे ठरवतो. २०१५ सालापासून ‘स्टीम’वर घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर परत करता येतो. न उघडलेला खेळ परत करण्याची अशी सोय असूनही तो परत करीत नाही, कारण त्याच्या मते तो वाया गेलेला नसतो, राखून ठेवलेला असतो.

हे राखून ठेवणे कशाचे? माझ्या समजुतीने तो खेळ विकत घेत नाही, खेळायला लागणारा निवांत वेळ विकत घेऊ पाहतो. आज तिशी-चाळिशीत असलेली पिढी ज्या दिवसांत वाढली, त्या दिवसांत तिच्याकडे उन्हाळ्याची अख्खी सुटी होती आणि खिशात पैसे नव्हते. एकच कॅसेट दोन महिने पुरवावी लागे. आता पैसे आहेत, पण ती सुटी नाही. सुटी कोणत्याही दालनात विकायला नसल्यामुळे तिच्या जागी खेळ घेतले जातात. घेतलेला प्रत्येक खेळ म्हणजे पुढे कधीतरी येणाऱ्या मोकळ्या पन्नास तासांवर लिहिलेली हुंडी असते. ती वटत नाही, याचा दोष हुंडी लिहिणाऱ्याच्या लोभापेक्षा त्याच्या जगण्याच्या घडणीकडे अधिक जातो. आपणही निवृत्तीनंतर वाचू म्हणून जाडजूड ग्रंथ आणून ठेवले होते. निवृत्ती आली, आणि तिच्यासोबत चाळिशीचा वाढलेला नंबरही आला.

या न खेळलेल्या साठ्याला खेळणाऱ्यांनी दिलेली नावे मोठी बोलकी आहेत. जपानी भाषेत पुस्तके आणून न वाचता रचून ठेवण्याला ‘त्सुन्दोकु’ असा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. रचून ठेवणे आणि वाचणे या दोन क्रियांवरची ती कोटी आहे. त्याच धर्तीवर न खेळलेल्या खेळांना तेथे ‘त्सुमिगे’, म्हणजे रचलेले खेळ, असे म्हणतात. दोन्ही शब्दांत थोडी थट्टा आहे, पण आरोप नाही. इंग्रजी बोलणारे खेळाडू मात्र याच साठ्याला ‘लाजेचा ढीग’ म्हणतात, किंवा कचेरीतला शब्द उचलून ‘बॅकलॉग’ म्हणतात.

ज्याचे आयुष्य सरकारी कचेरीत गेले, त्याला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बॅकलॉग म्हणजे बाकी. निकालात न निघालेली प्रकरणे. महिनाअखेरीस आरंभीची शिल्लक, नवी आवक, निकाली काढलेली आणि उरलेली असा तक्ता करायचा आणि उरलेल्यांबद्दल वरिष्ठांना उत्तर द्यायचे. हा तक्ता कचेरीत आवश्यकच आहे, कारण तेथे प्रत्येक कागदामागे एखादा खोळंबलेला माणूस असतो. न खेळलेल्या खेळामागे कोण खोळंबलेले असते? कोणीही नाही. तरीही खेळाडू आपल्या करमणुकीचा तक्ता मांडतो, ‘यंदा बारा संपवले’ अशी नोंद करतो आणि उरलेल्यांबद्दल स्वतःलाच जाब विचारतो. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाचे पहिले लक्षण स्वेच्छा हे सांगितले. हुकमावरून खेळलेला खेळ हा खेळ राहत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. हुकूम स्वतःचाच असला तरी परिणाम तोच. ज्या घटकेला खेळ बाकीच्या यादीत जातो, त्या घटकेला तो काम होतो. आणि दिवसभर काम करून घरी आलेला माणूस आणखी एक काम टाळतो, यात नवल ते काय!

गंमत अशी की, या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ अगदी निराळा होता. थंड मुलखात चुलाण्याच्या मागल्या बाजूला एक जाड ओंडका ठेवीत. पुढची लाकडे भराभर जळून जात; मागचा ओंडका मात्र सावकाश धुमसत राही आणि रात्रभर विस्तव राखी. तो ओंडका म्हणजे बॅकलॉग. पुढे एकोणिसाव्या शतकात शिल्लक साठा असा त्याचा अर्थ झाला आणि मग तुंबलेले काम असा. ऊब राखणाऱ्या वस्तूचे नाव कर्जाला मिळाले. शब्दाच्या या प्रवासातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. साठा तोच असतो. त्याच्याकडे आपण शिलकीच्या नजरेने पाहतो की देण्याच्या, यावर सुख-दुःख ठरते.

त्याबरोबरच ‘संपवणे’ या कसोटीचीही तपासणी करायला हवी. १९८० च्या दशकात अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी मॉस्कोत रचलेला ‘टेट्रिस’ हा खेळ संपवायचा नसतोच. तो खेळणाऱ्याला हरवूनच थांबतो. बुद्धिबळ कोणी ‘संपवले’ असे म्हणत नाही. संपवण्याची भाषा खेळांत कथानक आल्यावर दृढ झाली, आणि ती कादंबरीच्या वाचनातून आली असावी. पण कादंबरीचा तरी रसिक शेवटच्या पानाशी बांधलेला असतो का? कवितासंग्रह आपण चाळतो, पाच-सहा कविता मनात घर करतात, उरलेल्या तशाच राहतात; त्या संग्रहाला आपण अपूर्ण म्हणत नाही. पन्नास तासांच्या खेळातले पहिले सहा तास ज्याने मनापासून अनुभवले, त्याला त्या कृतीचा आस्वाद मिळालेला आहे. मात्र हा बचाव उघडलेल्या खेळापुरताच आहे; जो कधी उघडलाच नाही, त्याला तो लागू पडत नाही.

न उघडलेल्या साठ्याचे समर्थक ग्रंथप्रेमींच्या जगात पूर्वीपासून आहेत. जर्मन समीक्षक वाल्टर बेन्यामिन यांनी आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी १९३१ साली लिहिलेल्या निबंधात फ्रेंच लेखक आनातोल फ्रान्स यांचा एक किस्सा दिला आहे. ही सारी पुस्तके आपण वाचलीत का, या प्रश्नावर त्यांनी दहावा हिस्साही वाचला नसल्याचे सांगितले आणि घरातली उंची चिनी मातीची भांडी तरी कोण रोज वापरतो, असा उलट प्रश्न केला. इटालियन लेखक उम्बेर्तो एको यांच्या संग्रही सुमारे तीस हजार पुस्तके होती. नसीम तालेब यांनी २००७ साली त्यांच्याविषयी लिहिताना असे सुचवले की, न वाचलेली पुस्तके वाचलेल्यांपेक्षा मोलाची, कारण ती आपल्या अज्ञानाची सीमा दाखवीत राहतात. हीच ढाल आज खेळांचा साठा करणारेही पुढे करतात. आमचा ढीग हेच आमचे ग्रंथालय, असे त्यांचे म्हणणे.

युक्तिवाद आकर्षक आहे, पण मला तो मान्य होत नाही. अडचण खेळ हा पुस्तकापेक्षा हलका असण्याची नाही. उत्तम खेळांत रचना, संगीत, चित्र आणि कथा यांचा जो मेळ असतो, तो कला या नावाला पात्र आहे. अडचण साठ्याच्या पुढच्या आयुष्याची आहे. इंग्लंडमधले सर टॉमस फिलिप्स (१७९२–१८७२) यांना जगातल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत हवी होती. त्यांनी सुमारे ६० हजार हस्तलिखिते जमवली आणि त्यापायी घर कर्जात बुडवले. ती सारी वाचणे एका आयुष्यात शक्यच नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर तो संग्रह विकला जायला शंभराहून अधिक वर्षे लागली; परंतु त्यातील हस्तलिखिते युरोप-अमेरिकेतल्या ग्रंथालयांत पोचली आणि अभ्यासकांच्या उपयोगी पडली. एकाचा वेडेपणा दुसऱ्याची सोय झाला.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभारली, आपल्या खाजगी संग्रहातील हजारो पुस्तके तिला दिली आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. महाराजांनी ती सारी पुस्तके वाचली होती का, हा प्रश्न आज कोणी विचारीत नाही. पुस्तक न वाचता ठेवणारा माणूस नकळत दुसऱ्या वाचकासाठी ते सांभाळीत असतो. अगदी रद्दीत गेले तरी ते कुणा विद्यार्थ्याच्या हाती लागण्याची शक्यता उरते.

खात्यात नोंदलेल्या खेळाला ही शक्यता नाही. ‘स्टीम’च्या करारानुसार ग्राहकाला मिळतो तो वापराचा परवाना, आणि खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. वडिलांच्या पश्चात त्यांचे कपाट मुलाकडे येते. त्यांचे खाते मात्र करारानुसार येऊ शकत नाही. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने तबकडीवरील खेळांच्या पुनर्विक्रीवर आणि उसने देण्यावर बंधने घालण्याचे जाहीर केले, तेव्हा ग्राहकांनी इतका गदारोळ केला की महिन्याभरात माघार घ्यावी लागली. पण तबकडीच मागे पडल्यावर त्या विजयाला फारसा अर्थ उरला नाही. २०१४ साली आलेला ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईनासा झाला. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ सालच्या कायद्याने विक्रेत्यांवर असे बंधन घातले की, केवळ परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगा; नुसते ‘खरेदी’ म्हणू नका. ‘व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या अमेरिकी संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात मिळत नसल्याचे आढळले.

म्हणून न वाचलेल्या पुस्तकांचा आणि न खेळलेल्या खेळांचा साठा एकाच तराजूत घालता येत नाही. दोन्हींच्या मुळाशी निवांतपणाची तीच भूक आहे, सौद्याचे तेच सुख आहे आणि उद्यावरचा तोच विश्वास आहे. पण पुस्तकाच्या साठ्याला मालकाबाहेर जाण्याची वाट मोकळी आहे. खेळाच्या साठ्याची वाट विक्रेत्याने अडवलेली आहे. खेळणाऱ्याला हावरट म्हणून हिणवणे सोपे आहे, आणि तो स्वतःच आपल्या साठ्याला लाजेचा ढीग म्हणत असल्याने आपले काम आणखी सोपे होते. टीकेचा रोख मात्र त्या व्यवहाराकडे असायला हवा, जो कायमच्या मालकीचा भास देऊन मुदतीचा परवाना विकतो आणि न उघडलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती जाऊ देत नाही.

खेळणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. एक, संपवण्याचा तक्ता फाडून टाकावा आणि आवडेल तितका खेळ आवडेल तितकाच वेळ खेळावा. दोन, उसने देण्याचा, विकण्याचा आणि वारसाला देण्याचा हक्क मागावा. युरोपात अशा खेळांच्या जतनासाठी सुरू झालेल्या नागरिकांच्या अर्जावर २०२५ साली दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या, म्हणजे ही मागणी हवेतली नाही. आणि आपण, जे ग्रंथांच्या बाजूचे, त्यांनी फार निश्चिंत राहू नये. पडद्यावर वाचायची जी पुस्तके आपण अलीकडे घेऊ लागलो आहोत, त्यांपैकी बहुतेक याच प्रकारच्या परवान्यावर मिळतात. न वाचता ठेवलेल्या पुस्तकाबद्दल आपली जी समजूत आहे, की मी नाही तर माझ्या मागचे कुणी वाचेल, ती त्या पुस्तकांना लागू नाही. पुढचे पुस्तक कागदावर घ्यायचे की पडद्यावर, हे ठरवताना प्रत्येक वाचकाने एवढे तरी विचारात घ्यावे.